हे घरी आले की नेट सुरू होतं

सोमवार, ९ मार्च

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. पाकिटावरचं अक्षर तुमच्या ओळखीचं नाही, आणि आत कोणाचं पत्र आहे हे कळल्यावर ते बाजूला ठेवावंसं वाटेल. तरी एवढं वाचाच. आमच्या लग्नाला तुम्ही तासभर आला होतात, तेव्हा माझ्या कानात म्हणालात, "वन्सं-बिन्सं म्हणू नकोस गं, केस पांढरे झाल्यासारखं वाटतं." त्यानंतर आपली गाठच पडली नाही, त्यामुळे दुसरं काय म्हणायचं ते ठरलंच नाही. म्हणून वन्संच.

इकडे सगळं ठीक आहे. आईंचे गुडघे कुरकुरतात, पण त्या स्वतः कुरकुरत नाहीत. यांनी त्यांना एक टॅब आणून दिलाय, त्यावर त्या दुपारभर मालिका बघतात आणि त्यातल्या सुनांना मोठ्याने सल्ले देतात. हे बरे आहेत. ऑफिसात वरची जागा मिळाली, त्यामुळे कामही वाढलंय. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते. प्रकाशक पानं मेलवर पाठवतात, मी चुका काढून परत पाठवते.

आणि तिथेच अडलंय. तुम्ही नेटवर्कच्याच कामात आहात असं आईंनी एकदा सांगितलं (हळू आवाजात सांगितलं, पण सांगितलं), म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्या घरचं नेट धड चालतही नाही आणि धड बंदही पडत नाही. बंदच पडलं असतं तर बरं. हवामान, बातम्या, स्वयंपाकाची पानं पटापट उघडतात. मेल मात्र उघडता उघडता थांबतो. प्रकाशकाचं पान वरचा अर्धा भाग दाखवतं आणि खाली पांढरं. ते गोल चक्र फिरत राहतं, फिरत राहतं, आणि मग पान उघडता येत नाही म्हणून सांगतं. दुसऱ्या दिवशी तेच पान चुटकीसरशी उघडतं. असं का, ते काही कळत नाही.

मी जमेल ते सगळं केलं. राउटर बंद करून सुरू केला. तो कपाटामागून काढून उंचावर ठेवला. वायर बदलली. लॅपटॉपमधला जुना साठा पुसला, दुसरा ब्राउझर घातला. दोन दिवस बरं चालतं, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. हे म्हणतात, लॅपटॉप जुना झालाय. गंमत म्हणजे हे घरी आले की सगळं सुरळीत चालतं. मी तक्रार करते, हे शेजारी येऊन बसतात, एक बटण दाबतात, आणि पान उघडतं! हसतात नि म्हणतात, "नेटलासुद्धा माझाच धाक आहे."

गेल्या महिन्यात एका मुद्रणालयात कायमच्या जागेसाठी माझी मुलाखत होती, व्हिडिओवर. समोरच्या बाईंनी नमस्कार केला, मी नमस्कार केला, आणि चित्र गोठलं. माझे हात जोडलेले, तोंड अर्धवट उघडं. पुन्हा जोडणी झालीच नाही. यांनी खूप समजूत घातली. आइस्क्रीम आणलं.

तर वन्सं, काय काय तपासायचं ते सविस्तर कळवाल का? पत्र मात्र पाकिटाच्या मागे लिहिलेल्या पत्त्यावर पाठवा. आमच्या इमारतीखाली शिवणकामाचं दुकान आहे, त्या बाई माझ्याकडे देतील. आमच्या पत्रपेटीचं कुलूप मोडलंय. फोन नको, आवाज तुटतो.

आईंना तुमची आठवण येते, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी कळवतेय.

तुमची,
वहिनी


शुक्रवार, २० मार्च

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र शिवणवाल्या बाईंनी कापडाच्या तुकड्यात गुंडाळून दिलं. दुकानाच्या मागच्या पडद्याआड उभ्याने वाचलं आणि तिथेच त्यांच्या स्टुलावर बसले.

आमच्या पत्रपेटीच्या कुलपाला काहीही झालेलं नाही. ते तुम्ही ओळखलंतच.

मला वाटलं होतं, तुम्ही वायरी आणि बटणांबद्दल लिहाल. तेही लिहिलंत. पण आधी विचारलंत: राउटर कोणी बसवला? त्याचा पासवर्ड कोणाला माहीत आहे? जी पानं उघडत नाहीत ती नेमकी कोणती? 'दोन दिवस बरं चालतं' तेव्हा घरी कोण असतं? आणि मग ते टेलिफोनचं. तुमच्या लहानपणी बाबा घरच्या फोनच्या तबकडीला छोटं कुलूप लावायचे, आणि ते बाहेर गेले की किल्ली दादाच्या, म्हणजे यांच्या, खिशात असायची. मैत्रिणीला फोन करायचा तर कोणाला, कशाला, किती वेळ, हे आधी दादाला सांगायचं. तुम्ही लिहिलंत, 'त्याला तेव्हा तो खेळ वाटायचा.' मी ते वाक्य परत परत वाचलं.

आता कोणती पानं ते सांगते. मेल. प्रकाशक. मुद्रणालय. बँक. माझ्या धाकट्या बहिणीचे फोटो. आणि आणखी एक, जे मागच्या पत्रात लिहायचं धाडस झालं नाही. नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहाचं पान. सहज बघत होते, असं मी स्वतःलाही सांगत होते. ते अर्धं उघडलं, खोलीचा फोटो दिसला, खाट, खिडकी, आणि पुढे पांढरं. मी लॅपटॉप मिटला. कोणाला बोलले नाही. आईंनाही नाही.

दोन दिवसांनी जेवताना हे पाणी ओतून घेत म्हणाले, "वसतिगृहांच्या खोल्या फार लहान असतात म्हणे. गुदमरायला होत असेल." आणि मला म्हणाले, "कोशिंबीर वाढ ना."

वन्सं, माझ्या हातातला डाव खाली पडला. मी म्हटलं, निसटला. हे खाली वाकले, उचलून दिला, माझ्या हाताला हात लावून म्हणाले, "हात किती गार पडलाय तुझा."

यांनी मला कधी मारलेलं नाही. आवाज चढवलेला नाही. हे मी कोणी न विचारता लिहितेय, यावरून काय ते समजा. घाबरायचं कशाला, ते मला दाखवता येत नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटते. कोणाला सांगू? पान उघडत नाही म्हणून? नवरा आइस्क्रीम आणतो म्हणून?

तुम्ही सांगितलंत तसं करून बघितलं. दुपारी आईंच्या शेजारी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसले. एकच खोली, एकच नेट. माझ्याकडे प्रकाशकाचं पान फिरतंय, आणि आईंच्या टॅबवर मालिका एकदाही न अडखळता चालू. मी म्हटलं, "आई, एक मिनिट द्याल?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि दिला. मी तेच पान त्यावर उघडलं.

क्षणात उघडलं. वरपासून खालपर्यंत.

म्हणजे लाइन चांगली आहे. राउटर चांगला आहे. लॅपटॉपही चांगला असणार. आईंनी टॅब परत घेतला नाही. टीव्हीवर काहीच चालू नव्हतं, तरी तिकडे बघत म्हणाल्या, "तुझं काय असेल ते बघून घे. माझी मालिका कुठे पळून जाते?"

मोबाइलवर नेटचा पॅक आहे का, विचारलंत. होता. घरी वायफाय असताना दोन खर्च कशाला, म्हणून यांनी बंद केला. तेव्हा पटलं होतं मला.

राउटरच्या खाली चिकटवलेल्या कागदावर पासवर्ड असतो, असंही लिहिलंत. राउटर उलटा करून बघितला. कागद खरवडून काढलाय, नखाने. नुसता पांढरा चट्टा राहिलाय.

आता पुढे काय करू, ते लवकर कळवा. मी घरात चालताना उगाच हळू पावलं टाकायला लागलेय.

वहिनी


गुरुवार, २ एप्रिल

वन्सं,

कंपनीला शिवणवाल्या बाईंच्या फोनवरून कळवलं. हे ऑफिसला गेल्यावर सकाळीच त्यांचा माणूस आला. भिंतीतली वायर तपासली, त्याच्या यंत्रावर आकडे बघितले. म्हणाला, "ताई, लाइन एकदम चोख आहे. तुमच्याकडे प्रॉब्लेम यायलाच नको."

मी म्हटलं, "पण येतो ना."

मग त्याने स्वतःच्या फोनवर कंपनीचं ॲप उघडून मला दाखवलं. आमच्या घरात नेटला जोडलेल्या सगळ्या वस्तू तिथे एकाखाली एक दिसत होत्या. टीव्ही. आईचा टॅब. माझा लॅपटॉप, माझा फोन. मला वाटलं, हे माझेच. पण ते 'माझा' म्हणजे यांचा; नावं यांनीच दिली होती. माझे सगळ्यात खाली होते. 'तिचा लॅपटॉप.' 'तिचा फोन.' प्रत्येकापुढे हिरवा ठिपका.

आणि आम्ही दोघं बघत असताना, वन्सं, 'तिचा लॅपटॉप'पुढचा ठिपका करडा झाला.

मी विचारलं, "तुम्ही काही दाबलंत?"

"नाही ताई," तो म्हणाला, आणि दोन्ही हात वर करून दाखवले, जसं काही मी त्याच्यावर आळ घेत होते. "दुसरीकडून कोणीतरी बंद केला. साहेबांच्या फोनवर हेच ॲप असेल."

मी लॅपटॉपकडे बघितलं. चक्र फिरायला लागलं होतं.

माणूस भला होता, पण घाबरला. म्हणाला, कनेक्शन साहेबांच्या नावावर आहे, मला यात काही बदलता येत नाही. दारात चपला घालताना थांबला नि म्हणाला, "मी येऊन गेल्याचा मेसेज त्यांना आपोआप जाईल. तो मला थांबवता येत नाही, ताई. आधीच सांगायला हवं होतं."

दार लावलं. काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते आणि एकही वाक्य उभं राहत नव्हतं. आई खुर्चीत बसून सगळं बघत होत्या.

तुमचा दादा दुपारच्या जेवणाच्या वेळेलाच घरी आला. एरवी कधी येत नाही. बूट काढून नीट जोडून ठेवले. पाणी प्यायला. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि अगदी हळू, गोड आवाजात म्हणाला, "नेटचा माणूस कोणी बोलावला?"

मी तोंड उघडलं.

"मी बोलावला," आई म्हणाल्या.

त्याने मान वळवली. "तू?"

"माझी मालिका अडकत होती."

"तुझा टॅब कधी अडकत नाही, आई."

"तुला काय माहीत? तू असतोस का दुपारी?"

"पण आई, तुला नेटमधलं काय कळतं?"

"कळत नाही म्हणूनच माणूस बोलावला," आई म्हणाल्या. "कळत असतं तर मीच केलं असतं की. तू आलाच आहेस तर जेवून जा. गरम करते."

आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या. तो त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मी टेबलावरचा एक डाग नखाने खरवडत होते. तो जेवला आणि गेला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी आईंच्या खोलीत गेले. त्या खाटेवर बसल्या होत्या आणि तो परत तर येत नाही ना, म्हणून दाराकडे बघत होत्या. मला वाटलं होतं, त्यांना भीती वाटतच नाही. म्हणाल्या, "पोरगी त्या फोनसाठी रडायची तेव्हा मी भाजी चिरत बसायचे. म्हणायचे, मोठी झाली की समजेल. मोठी झाली आणि निघून गेली. तुझ्या वेळी पण मी भाजीच चिरत होते." मग डोळे पुसून एकदम कामाच्या आवाजात म्हणाल्या, "तुला जायचं कुठे आहे, ते आधी सांग."

हे वाचून तुम्हाला काय वाटेल मला माहीत नाही. त्यांनी 'तिला कळव' असं म्हटलेलं नाही. मीच लिहितेय.

मुद्रणालयाला मी शिवणवाल्या बाईंच्या फोनवरून फोन केला. मुलाखत घेणाऱ्या त्या बाईच भेटल्या. म्हणाल्या, "अहो, आम्हाला वाटलं तुम्हीच बंद केलंत. जागा अजून भरलेली नाही, या." एवढंच. एवढंच बोलायला मला एवढे दिवस लागले.

माझे कपडे थोडे थोडे खाली दुकानात जातायत, उसवले म्हणून, सैल झाले म्हणून. नेतात आई. गुडघे दुखतात तरी जिना उतरतात. काल तो म्हणाला, "हल्ली शिवायचं फार निघतंय." आई म्हणाल्या, "कपडे जुने झाले. तुझा लॅपटॉपच तेवढा नवा."

मला हसू आलं, ते मी दाबलं. त्याला कळलंय का? त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, कधीच दिसत नाही. मी आईंना सोबत चला म्हटलं. नको म्हणतात. "दोघी गेलो तर तो लगेच शोधत सुटेल. मी इथे असले की त्याला वाटेल, तू येशीलच परत."

पुढचं पत्र कुठून लिहीन, देव जाणे.

वहिनी


रविवार, १९ एप्रिल

वन्सं,

मी बाहेर आहे. हे आधी लिहिते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल.

ज्या दिवशी निघायचं, त्या सकाळी तुमचा दादा आंघोळ करून आला, चहा घेतला आणि म्हणाला, "आज घरूनच काम करतो." दार उघडं असलेल्या खोलीत, माझ्यासमोरच लॅपटॉप मांडला. मी ओट्याला धरून उभी राहिले. संपलं, असं वाटलं. त्याला कळलंय, आता तो उद्याही घरीच बसेल, परवाही, आणि तोंडाने काही बोलणारच नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "नेट गेलं वाटतं."

मी खरोखर काही केलं नव्हतं. त्याने राउटर बंद करून सुरू केला. वायर काढून घातली. फोनवर ते ॲप उघडलं, पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. तेच सगळं, जे मी इतके महिने करत होते, आणि तीच कपाळाला पडलेली आठी. चहा ठेवू का, मी विचारलं. "शांत बस जरा," तो म्हणाला. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. मीटिंगची वेळ होत आली होती. कंपनी म्हणाली, माणूस दुपारनंतर येईल. शेवटी तो लॅपटॉप काखेत मारून तणतणत ऑफिसला गेला.

लाइनची वायर आईंच्या खोलीतून भिंतीत जाते, त्यांच्या खाटेमागून. मी आत गेले तर त्या खाटेच्या कडेला बसलेल्या, घामाघूम, आणि वायरचं टोक मुठीत. म्हणाल्या, "ओढून निघेना मेली. दातांनी काढली." मग ओरडल्याच माझ्यावर, "बघतेस काय? नीघ!"

मी त्यांना नीट मिठीही मारली नाही. जिना उतरताना प्रत्येक वळणावर वाटत होतं, तो समोर उभा असेल, गोड हसत. नव्हता. दुकानातून बॅग घेतली. गाडीत बसल्यावरही कितीतरी वेळ मी खिडकीकडे पाठ करून बसले होते.

आता मुद्रणालयाच्या मागच्या गल्लीत खोली आहे. काम सुरू झालंय. शेजारच्या टेबलावरच्या बाई बोलक्या आहेत, पण कोणी मागून आलं की मी दचकते, हे त्यांच्या लक्षात आलंय, त्यामुळे हल्ली त्या दुरूनच हाक मारतात. मेलचा पासवर्ड बदलला, सगळं बदललं. तरी चार दिवसांपूर्वी मुद्रणालयाच्या पत्त्यावर त्याचा मेल आला. 'तिकडे नेट नीट चालतं ना? काही अडलं तर सांग.' बस्स. ना राग, ना ये म्हणणं. मी तो मुलाखत घेणाऱ्या त्या बाईंना दाखवला. त्यांनी वाचला, मग माझ्याकडे बघितलं आणि उठून आधी बाहेरचं दार लावून आल्या. मला वाटलं होतं, त्यांना त्यात काही दिसणार नाही. त्यांच्याबरोबर जाऊन पोलिसात अर्ज दिलाय. भीती गेलेली नाही. पण आता ती माझ्या एकटीची नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. मुद्दाम लिहितेय, कारण यापुढचं ऐकताना तुम्ही मध्येच 'नाही' म्हणाला असतात.

काल आईंचा फोन आला, शिवणवाल्या बाईंच्या दुकानातून. तुमच्या दादाने त्यांचा टॅब दुरुस्तीला म्हणून नेलाय. त्याला काही झालेलं नव्हतं. वायर कोणी काढली, ते त्याने विचारलं नाही. नुसती ती खाट दुसऱ्या भिंतीला हलवली. आता दुपारी तो घरी येतो, आईंच्या खोलीत खुर्ची टाकून बसतो, आणि काही बोलत नाही. आई म्हणाल्या, "मी बरी आहे गं." मग म्हणाल्या, "दुकानात किती वेळा येऊ, कपडे संपले शिवायचे."

मी त्यांना विचारलं, लेकीकडे जाल का. म्हणाल्या, "ती मला दारात उभं करेल का, ते आधी विचार."

मी विचारलं नाही, वन्सं. मीच 'हो' सांगितलं. तुमच्या वतीने बोलले, त्याबद्दल हवं तर रागवा, पण नंतर. मला त्या घरात पाय ठेवता येणार नाही, पाय उचलणारच नाहीत. तुम्ही त्यांची लेक आहात, तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. सकाळी तो ऑफिसला गेला की जा. घरात काही शोधू नका, काही आवरू नका. फक्त त्यांचा हात धरा आणि जिना उतरा. सावकाश उतरा, त्यांचे गुडघे.

या पत्राला उत्तर लिहू नका. निघा.

तुमची, आणि आईंची,
वहिनी